परीक्षेनंतरचा प्रकल्प

विद्यार्थ्यांनी रचलेली संगणकाची आज्ञावली परीक्षेपुरतीच जगावी काय? अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९९५ साली आरंभलेल्या ‘एपिक्स’ उपक्रमात या प्रश्नाचे उत्तर सापडते. तेथे स्थानिक सेवासंस्था आपली गरज सांगते. विद्यार्थी तिच्यासाठी साधन घडवितात व त्याबद्दल श्रेयांक मिळवितात. प्रथम वर्षापासून अंतिम वर्षापर्यंतचे विद्यार्थी एकाच गटात असल्यामुळे, ज्येष्ठ बाहेर पडले तरी काम खंडित होत नाही.

भारतात २०१७ मध्ये ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ सुरू झाली. मंत्रालयांनी, आणि पुढे उद्योगांनीही, आपल्या अडचणी विद्यार्थ्यांपुढे मांडल्या. पहिल्या अंतिम फेरीत त्यांना सलग ३६ तास मिळाले. एवढ्या अवधीत नमुना उभा राहतो. परंतु नोंदी वाढतात, यंत्रे बदलतात. म्हणून प्रकल्प स्वीकारतानाच त्याची पुढील देखभाल कोण करणार, हे ठरविणे अगत्याचे आहे.