सरकत्या कड्यांची मोजणी

माल्टाच्या वायव्य किनाऱ्यावर, आइन तुफीहा आणि जनेयना या दोन खाड्यांच्या मधोमध, इल-अर्राबा नावाचं एक भूशिर समुद्रात घुसलं आहे. वर चुनखडीचा सपाट सडा, खाली राखाडी-निळ्या मातीचा उतार आणि त्या उतारावर पार पाण्यात जाईपर्यंत घराएवढाले खडक अस्ताव्यस्त पडलेले. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कधीतरी मोठी पडझड झाली असेल आणि संपली असेल. ती संपलेली नाही. हे खडक अजूनही सरकताहेत, आणि किती सरकले हे मोजायला काही माणसं नेमाने इथे येतात. त्यांच्यापैकी दोघांबरोबर मी ऑक्टोबरात वर चढले.

चढण मोठी नाही, पण माती फसवी. उन्हाळाभर भाजून ती टणक झालेली असते, अंगभर तडकलेली. एक पाऊस झाला की तिच्यावर पाऊल ठरत नाही. आदल्या रात्री सर येऊन गेली होती. सोबतच्या संशोधक बाई माल्टाच्याच, साठीला टेकलेल्या. त्यांचा सहकारी तरुण इटालियन, पाठीवर अँटेनाची पेटी घेतलेला. पहिल्याच वळणावर बाई थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मातीवर पाय देऊ नका. दगडावरून दगडावर या. तुम्ही पडाल म्हणून नाही, उतार मोडतो म्हणून."

सड्याच्या कडेला खडकात एक पोलादी खुंटी पक्की बसवलेली आहे, बोटभर जाडीची, वर आटे पाडलेली. त्या आट्यांवर अँटेना फिरवून बसवायची, पाणसळीचा बुडबुडा बरोबर मध्यावर आणायचा, केबल रिसीव्हरला जोडायची आणि मग वाट बघायची. उपग्रहांकडून येणारे संदेश रिसीव्हर नोंदवत राहतो. आपल्या मोबाईललाही हेच संदेश मिळतात, पण मोबाईलची जागा काही मीटरनी चुकली तरी आपलं काम भागतं. इथे हिशेब मिलिमीटरचा. म्हणून कड्यापासून लांब, न हलणाऱ्या जमिनीवर दुसरी अँटेना त्याच वेळी लावलेली असते. दोन्हींच्या नोंदी ताडून पाहिल्या की वाटेतल्या हवेमुळे येणारी चूक बरीचशी वजा होते आणि खुंटीची नेमकी जागा कळते. मागच्या खेपेची जागा आणि आजची जागा, यांतलं अंतर म्हणजे त्या खडकाची चाल. इटलीतल्या मोडेना आणि रेज्जो एमिलिया विद्यापीठाने माल्टातल्या अभ्यासकांच्या साथीने ही मोजणी 2005 साली सुरू केली, इल-अर्राबाला आणि उत्तरेकडच्या इल-प्राय्येत खाडीला. काही खडक वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर सरकतात, काही त्याहून बरेच जास्त. सगळे एकाच दिशेने नाही, पण सगळे उताराकडे.

अँटेनाचं काम चालू असताना माणसं रिकामी बसत नाहीत, भेगा मोजतात. सड्याच्या काठाला समांतर अशी एक भेग आहे. वरून बघितली तर हात जाईल एवढी रुंद, आत वाकून पाहिलं तर तळ दिसत नाही. कॅपरचं झुडूप तिच्या ओठाला धरून खाली लोंबतंय, गोल जाडसर पानांचं. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा खिळा ठोकलेला आहे. तरुणाने पोटावर झोपून कॅलिपरचे जबडे त्या दोन खिळ्यांना लावले, आकडा मोठ्याने सांगितला. बाईंनी तो वहीत पेन्सिलीने लिहिला आणि म्हणाल्या, "पुन्हा." त्याने कॅलिपर काढून पुन्हा लावला. "पुन्हा." तीन आकडे आले, तिसरा जरासा वेगळा. मग वाऱ्याकडे पाठ करून, जबडा पुसून, चौथ्यांदा. पेन्सिल का, म्हणून मी विचारलं. ओल्या कागदावर शाई पसरते, पेन्सिल राहते, एवढंच उत्तर मिळालं. वहीची आधीची पानं त्यांनी मला उलटून दाखवली. कित्येक वर्षांचे आकडे एकाखाली एक, हळूहळू वाढत गेलेले, आणि समासात हवामानाच्या नोंदी. ओल्या हिवाळ्यानंतरच्या ओळींशी त्यांचं बोट थोडं थांबत होतं.

खडक का सरकतात हे समजायला पायाखालचे थर बघावे लागतात. माल्टाची बेटं समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाची बनली आहेत. सगळ्यांत खाली कठीण प्रवाळी चुनखडी, तिच्यावर पिवळसर, मऊ ग्लोबिजेरिना चुनखडी (व्हॅलेटा शहर याच दगडात बांधलं आहे), तिच्यावर निळी माती, मग हिरवट वाळूचा पातळ थर आणि सर्वांत वर पुन्हा प्रवाळी चुनखडीचं टोपण. म्हणजे वर जड आणि कडक, खाली मऊ. मळलेल्या कणकेच्या गोळ्यावर पोळपाट ठेवून वर भार द्यावा, तशी ही माती टोपणाखालून बाहेर दबते. कणीक ताणली गेली की पोळपाट नुसता कलेल, पण चुनखडी ठिसूळ असते, ती तडकते. तड रुंदावते, कडेचा तुकडा सुटा होतो, मग तो तुकडा मातीवर बसून खाली निघतो.

आणि हे सगळं घडवतं ते पाणी. हिवाळ्यात पडलेला पाऊस चुनखडीच्या भेगांतून खाली झिरपतो आणि मातीपाशी अडतो, कारण माती पाणी खाली सोडत नाही. अडलेलं पाणी मातीचा वरचा पापुद्रा मऊ करतं आणि जिथे दोन थरांची गाठ उघडी पडते तिथून झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. कड्याखालच्या उतारावर मध्येच हिरवीगार बोरूची बेटं दिसतात, ती याच गाठीवर. माल्टाच्या बेटांवर बारमाही नदी नाही. रबात आणि दिंगलीकडच्या अशाच झऱ्यांचं पाणी व्हॅलेटाला आणण्यासाठी 1610 ते 1615 या काळात विन्याकूर नावाच्या ग्रँड मास्टरच्या (तेव्हा बेटांवर सत्ता असलेल्या सरदारसंघाच्या प्रमुखाच्या) कारकिर्दीत दगडी कालवा बांधला गेला. जी माती कडे पाडते, तिनेच राजधानीला पाणी पाजलं. मला तर या बेटावरची सर्वांत मोलाची वस्तू ही निळी मातीच वाटली, किल्ले आणि चर्चेस नंतर.

माळीण, इर्शाळवाडीच्या दरडी माहीत असलेल्या माणसाला सरकता उतार बघून आधी भीतीच वाटते. इल-अर्राबाच्या उतारावर वस्ती नाही, म्हणून इथे दरडीकडे शांतपणे बघता येतं, तिला सरकू देता येतं. उतारावर गाव असतं तर खुंटी आणि वही घेऊन बसणं पुरेसं झालं नसतं. ही सवलत आहे आणि ती ओळखूनच इथल्या संरक्षणाबद्दल बोलायला हवं.

उताराच्या पायथ्याशी समुद्रात उतरलेले खडक केव्हापासून असे पडू लागले, याचा माग काढायची पद्धत तर विलक्षण आहे. खडकाचा चेहरा उघडा पडला की अवकाशातून येणारे किरण त्यावर आदळू लागतात आणि चुनखडीतल्या कॅल्शियमपासून क्लोरिन-36 नावाचा समस्थानिक तयार होत जातो. दगडाचा नमुना घेऊन तो किती साठला हे मोजलं की दगड किती काळ उघड्यावर आहे हे काढता येतं. या किनाऱ्यावरच्या नमुन्यांनी सांगितलं की सरकणं सुमारे 21,000 वर्षांपूर्वीच सुरू झालेलं होतं. तेव्हा हिमयुग होतं, समुद्र आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होता. म्हणजे लाटांनी पाया पोखरला आणि कडे पडले, ही सहज सुचणारी गोष्ट या उतारांपुरती खरी नाही. खडक कोरड्या जमिनीवर सरकले. समुद्र मागाहून चढला आणि त्यांच्यापर्यंत पोचला.

सड्यावरून दक्षिणेला, जनेयनाच्या पलीकडे, रास इल-पेलेग्रिनचं टोक दिसतं. त्याच्या पलीकडल्या अंगाला फोम इर-रिहची खाडी आहे आणि तिथल्या कड्यात फिकट चुनखडी संपून निळी माती सुरू होते ती रेघ जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. सेरावालियन या कालखंडाची सुरुवात तिथून धरायची असं 2007 साली अधिकृतपणे ठरलं. वय 1 कोटी 38 लाख वर्षं. त्या सुमारास अंटार्क्टिकावरचा बर्फ झपाट्याने वाढला, पृथ्वी थंडावली आणि तो बदल इथल्या गाळातल्या सूक्ष्म कवचांमध्ये नोंदला गेला. जगात कुठेही या काळाचा खडक सापडला तरी त्याचं वय शेवटी या कड्याशी ताडलं जातं. असा कडा कुंपणात ठेवता येत नाही. थोडा थोडा ढासळतो म्हणूनच तो ताजा, वाचता येण्याजोगा राहतो.

राखायचं काय, हा प्रश्न इथे खराखुरा उभा राहतो. खाली आइन तुफीहाच्या वाळूवर पर्यटक होते. त्यांतले काही उतारावर चढून निळी माती ओरबाडत होते आणि अंगाला फासत होते. बाईंनी मोजणी थांबवली, खाली गेल्या, त्यांच्याशी बोलल्या, परत आल्या. रागावल्या नव्हत्या. "पाऊस नेतो ती त्याची पद्धत आहे," त्या म्हणाल्या, "हाताने खणलेल्या खड्ड्यात पाणी साचतं आणि घळ दुसरीकडूनच फुटते." निसर्ग जे मोडतो ते मोडू द्यावं आणि त्याची नोंद ठेवावी, माणूस जे मोडतो ते मात्र रोखावं, असं त्यांचं सरळ म्हणणं, आणि ते मला पूर्ण पटलेलं आहे.

त्याची कसोटी शेजारच्या गोझो बेटावर लागली. द्वेयरा इथली 'अझूर विंडो' ही 28 मीटर उंचीची नैसर्गिक कमान माल्टाच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असायची. 8 मार्च 2017 च्या सकाळी वादळात ती खांबासकट समुद्रात गेली. तिच्या माथ्यावर चालणाऱ्यांना 1,500 युरो दंड करायचा हुकूम जेमतेम काही महिन्यांपूर्वी निघाला होता. लोक हळहळले, आणि हळहळणं साहजिकच होतं. पण पुढच्या वर्षी त्याच जागी आरशासारख्या चकचकीत पोलादाची नवी कमान उभारायचा प्रस्ताव एका रशियन वास्तुविशारदाने मांडला, त्याच्यावरही हौसेने चर्चा झाली. ती उभी राहिली नाही, हे चांगलंच झालं. कमान म्हणजे लाटेने गुहा कोरण्यापासून सुटा खांब उरण्यापर्यंतच्या प्रवासातला एक मुक्काम. पोलादाला तो प्रवास नाही.

त्याच द्वेयरात, कमान उभी असतानाच, 2010 साली खरी हानी झाली होती आणि तिच्यासाठी कोणी पोस्टकार्ड छापलं नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेच्या चित्रीकरणासाठी किनाऱ्यावरच्या खडकावर बांधकामाची वाळू पसरण्यात आली. तो खडक ओसाड दिसतो, पण त्याच्या खळग्यांत आणि डबक्यांत सजीवांची सगळी वस्ती असते आणि दगडात स्कुटेला जातीच्या चपट्या सागरी अर्चिनांचे जीवाश्म खच्चून भरलेले आहेत. वाळू नंतर उचलली, तरी बारीक कण खळग्यांत राहिलेच. मी त्या थरावर गुडघे टेकून बसले होते. एकेक अर्चिन चकतीसारखा कडेवर उभा कापलेला दिसतो, काही आडवे, काही एकमेकांवर चढलेले. बोट फिरवलं तर कवचाची कड लागते. तिथपर्यंत मोटार जाते, ही गोष्टच मला चुकीची वाटते.

मी गोझोहून माल्टाला परतल्यावर मोजणी करणारी जोडी मला इल-माय्यिस्ट्राल उद्यानात भेटली. गोल्डन बे ते इल-प्राय्येत हा पट्टा 2007 पासून संरक्षित आहे. कड्याच्या काठावरची पायवाट किती आत घ्यायची, याची तिथल्या रेंजरशी बोलणी होती. रेंजरचं म्हणणं, वाट आत नेली तरी लोक फोटोसाठी काठावर जाणारच, मग निदान मळलेल्या वाटेवर राहू देत. बाईंचं म्हणणं, भेगेच्या समुद्राकडच्या बाजूला वाट असताच कामा नये, ती भेगेच्या आत, जमिनीच्या अंगाला हवी. तरुणाने लॅपटॉपवर खुंट्यांचे बाण दाखवले, लहानमोठे, सगळे पाण्याकडे तोंड केलेले. बराच वेळ खल चालला. अखेर वाट हलवायचं ठरलं, जुन्या वाटेवर दगड रचून ती बंद करायची. आता हिवाळ्यात मात्र नाही. माती ओली असताना तिच्यावरून दगडांची ने-आण नको, एप्रिलमध्ये बघू, असं रेंजरने डायरीत लिहून घेतलं.