स्तनोन्नयन शल्यकर्मानंतरची रुग्णा : वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी काही विचार

स्तनोन्नयनाचे शल्यकर्म, म्हणजे ज्याला ब्रेस्ट लिफ्ट किंवा मास्टोपेक्सी म्हणतात ते, करून घेतलेल्या स्त्रिया आता आपल्या चिकित्सालयांत व औषधालयांतही येतात. बहुधा त्या शल्यकर्माचा स्पष्ट उल्लेख टाळतात. ‘जखम लवकर भरण्यासाठी काही द्या’ किंवा ‘खूण जाईल असे तेल आहे का’, एवढेच विचारतात. शल्यकर्म का केले, हा प्रश्न आपला नव्हे. परंतु ते कोणते, कोणत्या दिवशी झाले आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत, हे विचारल्यावाचून काहीही देऊ नये, असे आमचे मत आहे.

या शल्यकर्मात अतिरिक्त त्वचा काढून स्तनाग्र वरच्या स्थानी आणतात. छेद स्तनमंडलाभोवती असतो. शैथिल्य अधिक असल्यास तेथून खाली उभा आणि कित्येकदा स्तनाच्या तळाशी आडवाही घ्यावा लागतो. दोन-तीन आठवड्यांत त्वचा जुळलेली दिसते व रुग्णा निर्धास्त होते. वस्तुतः तिसऱ्या आठवड्यात जखमेत मूळ त्वचेच्या सुमारे एकपंचमांश इतकीच बळकटी आलेली असते. व्रण भरला तरी तो स्थिर होईपर्यंत अजीर्ण, व्यायाम व व्यवाय वर्ज्य करावेत, असे सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे, ते येथे तंतोतंत लागू पडते. सामान्यतः ४ ते ६ आठवडे पाण्याची भरलेली बादली उचलणे, कडेवर मूल घेणे, हात उंच करून फडताळातले डबे काढणे टाळावे. आधार देणारी अंतर्वस्त्रे शल्यविशारद सांगतील तितके दिवस रात्रंदिवस वापरावीत.

आता औषधांविषयी. लसूण, गुग्गुळ कल्प, अधिक मात्रेत आले किंवा हळदीचे अर्क यांचा रक्तस्कंदनावर परिणाम संभवतो. म्हणून शल्यकर्मापूर्वी सुमारे दोन आठवडे व नंतरही शल्यविशारदाच्या संमतीपर्यंत ते देऊ नयेत. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य औषधालयातून हद्दपार व्हावयास हवे! ताज्या टाक्यांवर हळदीचा लेप किंवा कोणतेही तेल नको. त्वचा पूर्ण जुळल्यावर, खपल्या गळून गेल्यानंतरच हलक्या हाताने तैल चोळण्यास हरकत नाही. खूण काही महिने लालसर राहते व फिकी होण्यास एक ते दीड वर्ष लागते, हे आधीच सांगावे. म्हणजे दर पंधरवड्यास नवे मलम मागितले जात नाही.

स्वेदनाबाबत विशेष सावधानता हवी. स्तनाग्र व आसपासची त्वचा काही काळ बधिर असते, क्वचित ती बधिरता कायम राहते. अशा ठिकाणी गरम पाण्याची पिशवी किंवा पोटली शेक दिल्यास रुग्णेस चटका कळत नाही आणि त्वचा भाजते.

मिश्री लावण्याची सवय आपल्याकडे अनेक स्त्रियांना असते, पण ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नास त्या ‘नाही’ म्हणतात. म्हणून मिश्रीचे नाव घेऊनच विचारावे. तंबाखूतील निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होतात व स्तनाग्राचा रक्तपुरवठा धोक्यात येतो.

काही लक्षणांत चिकित्सा न करता रुग्णेस त्वरित परत पाठवावे. एकच स्तन अचानक ताठ होऊन सुजणे, ज्वर व पसरणारी लाली, पूयस्राव, स्तनाग्र निळे-काळे पडणे ही त्यांपैकी होत. एका पोटरीत वेदना व सूज असल्यास वातव्याधी समजून अभ्यंग कदापि करू नये. तो शिरेतील गुठळीचा प्रकार असू शकतो. श्वास लागणे किंवा छातीत दुखणे असल्यास तर क्षणाचाही विलंब नको.

पुढे स्तनपान करता येईल का, हा प्रश्न तरुण रुग्णा हमखास विचारतात. अनेकींना येते, पण खात्री देता येत नाही. गर्भधारणेनंतर शैथिल्य पुन्हा येऊ शकते.

काही महिन्यांनी स्तनात कठीण गाठ लागल्यास ती मेदाच्या विकृतीमुळे असू शकते. तथापि सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी झाल्याखेरीज ग्रंथी समजून कांचनार गुग्गुळ सुरू करू नये. तपासणीस जाताना पूर्वी झालेल्या शल्यकर्माची माहिती क्ष-किरण तज्ज्ञास द्यावी, असे रुग्णेस सांगावे.