कन्सोलवाल्यांनी ब्राउझर का लपवला?

मार्च २००५मध्ये सोनीचा पीएसपी हा हातात धरायचा गेम कन्सोल अमेरिकेत विक्रीला आला, तेव्हा त्यात वेब ब्राउझर नव्हता. निदान मेनूत तरी तो कुठे दिसत नव्हता. पण ‘वाइपआउट प्युअर’ या शर्यतीच्या गेममध्ये नवे ट्रॅक आणि नवी वाहनं उतरवून घेण्याची सोय होती आणि ती सोय म्हणजे सोनीच्या ठरलेल्या पानावर नेणारा ब्राउझरच होता. हौशी मंडळींनी हे लगेच हेरलं. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसचा पत्ता बदलायचा, म्हणजे गेम सोनीकडे जातोय असं समजून भलतीकडेच पोचतो. तिथून पुढे हवी ती साइट उघडा.

काही महिन्यांतच, २.०० क्रमांकाच्या फर्मवेअरमधून, सोनीने अधिकृत ब्राउझर दिला. त्याच अपडेटने वायफायसाठी डब्ल्यूपीए सुरक्षाही आणली. मात्र या भेटीला एक अट चिकटलेली होती. १.५० फर्मवेअरमधल्या ज्या फटींतून लोक स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम चालवत, त्या हे अपडेट घेतलं की बंद होत. ब्राउझर हवा की मोकळीक, असा सरळ सौदा होता. सोनीचा हेतू काहीही असो, आमिष म्हणून ब्राउझर उत्तम होता. मग टिफ प्रकारच्या एका चित्राच्या फाइलमधून २.०० वरून पुन्हा १.५० वर उतरण्याची वाट सापडली आणि पाठशिवणीचा खेळ पुढे चालू राहिला.

ब्राउझर म्हणून मात्र तो रडतखडत चाले. दोष प्रोसेसरला दिला जाई, पण खरी टंचाई मेमरीची होती. पीएसपीत एकूण ३२ एमबी मेमरी, त्यातलीही काही यंत्रणेसाठी राखलेली. वेबपेज म्हणजे केवळ मजकूर नव्हे. दाबून लहान केलेलं चित्र दाखवण्यासाठी पूर्ण उलगडावं लागतं आणि उलगडल्यावर ते मूळ फाइलच्या कितीतरी पट जागा खातं. चारदोन मोठी चित्रं आली की मेमरी अपुरी पडल्याचा संदेश हजर. २००७च्या नव्या पीएसपीत मेमरी दुप्पट झाली. निन्टेंडोच्या डीएसची अवस्था आणखी बिकट, जेमतेम ४ एमबी. म्हणून २००६मध्ये ऑपेराचा ब्राउझर कार्डावर विकताना कंपनीला सोबत जादा मेमरीचं वेगळं कार्ट्रिज द्यावं लागलं.

दुसरी अडचण हातांची. गेमचा कंट्रोलर उड्या मारायला आणि गोळ्या झाडायला बनवलेला. त्यावर पासवर्ड टाइप करणं म्हणजे शिक्षाच. इथे निन्टेंडोच्याच ‘वी’ने बाजी मारली. तिचा रिमोट टीव्हीकडे रोखला की पडद्यावर बोट दाखवल्यासारखं लिंक निवडता येई. २००८मध्ये बीबीसीने आपली आयप्लेअर सेवा वीवर आणली, तीही वीच्या ब्राउझरमधूनच. माझ्या मते सर्वांत समजूतदार काम मात्र २०१२च्या ‘वी यू’ने केलं. त्यात २ जीबी मेमरीपैकी तब्बल १ जीबी यंत्रणेसाठी राखून ठेवली होती. त्यामुळे खेळ बंद न करता मध्येच थांबवून ब्राउझर उघडता येई, हातातल्या टचस्क्रीनवर टाइप करता येई आणि पुन्हा त्याच क्षणापासून खेळता येई. कन्सोल फारसा खपला नाही, ही गोष्ट वेगळी.

मेमरी वाढली, टायपिंगही सुधारलं. मग ब्राउझर गायब का झाला? खिशातला स्मार्टफोन हे अर्धंच उत्तर. उरलेलं उत्तर सुरक्षेचं आहे. अनोळखी माणसाने लिहिलेला कोड आपल्या यंत्रावर चालवणं हेच ब्राउझरचं काम. संगणकावर त्याच्या चुका दर काही आठवड्यांनी दुरुस्त होतात. कन्सोलवर तेच जुनं इंजिन महिनोन् महिने पडून राहतं. मार्च २०१७मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विचमध्ये ब्राउझरचं चिन्हच नव्हतं, पण हॉटेल किंवा विमानतळाच्या वायफायचं लॉगिन पान दाखवायला आतून वेबकिट इंजिन होतंच. त्यात एक जुनी चूक तशीच राहून गेली होती. ‘पेगॅसस’ या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने आयफोनमध्ये शिरण्यासाठी वापरलेली आणि अॅपलने २०१६च्या ऑगस्टमध्ये दुरुस्त केलेली तीच ती चूक! स्विच बाजारात येऊन काही दिवस होतात तोच तिच्यातून आत डोकावणारे निघाले.

सोनीने पीएस५मधूनही ब्राउझरचं चिन्ह काढलं, पण इंजिन आत राहिलं, कारण माहितीपुस्तिकेसारखी पानं दाखवायला ते लागतंच. मग २०२२मध्ये हॅकरांनी काय करावं? डीएनएस बदलून त्याच माहितीपुस्तिकेचा रस्ता आपल्या पानाकडे वळवला.

मायक्रोसॉफ्टने मात्र २०२१मध्ये एक्सबॉक्सवर क्रोमियमवर आधारलेला नवा एज ब्राउझर उघडपणे दिला. हे धाडस २०१३च्या एक्सबॉक्स वनपासूनच्या रचनेवर उभं आहे. तिथे गेम एका आभासी कप्प्यात चालतात, तर ब्राउझरसारखी अॅप दुसऱ्या कप्प्यात आणि दोघांवर हायपरव्हायझर या नियंत्रक सॉफ्टवेअरची नजर असते. वाड्यात आलेल्या परक्याला ओसरीवर बसवावं, माजघरात येऊ देऊ नये, तसा हा प्रकार. एजमधली चूक कुणी हेरली, तरी गेमच्या कप्प्यात शिरायला त्याला आणखी भिंती ओलांडाव्या लागतात. त्यामुळे टीव्हीवर कन्सोलमधूनच वेब वापरायची कुणाची खरोखर इच्छा असेल, तर आज तरी एक्सबॉक्सच घ्यावा आणि त्याला यूएसबी कीबोर्ड जोडावा. कंट्रोलरने अक्षरं वेचत बसणं अजूनही तितकंच कंटाळवाणं आहे.