मण्डूकपर्णी : छायेतील लागवड व निगा

चरकाचार्यांनी वर्णिलेल्या चार मेध्य रसायनांपैकी मण्डूकपर्णी ही स्वरसरूपाने घ्यावयाची आहे. स्वरसावर अग्निसंस्कार होत नाही. त्यामुळे वनस्पती कोठे वाढली यास विशेष महत्त्व येते. मण्डूकपर्णी माती व पाण्यातील जड धातू शोषून घेते. म्हणून गटारालगतची, सांडपाण्यावर पोसलेली पाने औषधार्थ सर्वथा वर्ज्य समजावीत. वैद्याने ती स्वतःच लावावी, हे आम्हांस श्रेयस्कर वाटते.

लागवडीपूर्वी ओळख पक्की करावी. 'ब्राह्मी' या नावाने दोन वनस्पती व्यवहारात आहेत. मण्डूकपर्णीची, म्हणजेच कारिवण्याची पाने वृक्काकार, दंतुर कडांची व लांब देठाची असतात. जलब्राह्मीची पाने लहान, मांसल, बिनदेठाची व समोरासमोर असतात.

पावसाळ्याच्या आरंभी मुळे फुटलेल्या पेरांसह धावत्या खोडाचे तुकडे सुमारे 30 सें.मी. अंतरावर लावावेत. पोयट्याच्या मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. झाडांची विरळ सावली उत्तम. कडक उन्हात पाने लहान व निबर होतात. माती सतत ओलसर असावी, परंतु पाणी स्वच्छ असावे. खोड पेरापेरांशी मुळे धरून जमीन झाकते, तोपर्यंत खुरपणी करावी. गोगलगायी हाताने वेचाव्यात. कीटकनाशक फवारू नये. बारीक, जांभळट फुले पानांखाली दडलेली असतात, ती मुद्दाम पाहावीत.

सुमारे तीन महिन्यांनी पाने देठासह खुडावीत, खोड राखावे. पुन्हा फूट येते. स्वरसापूर्वी पाने वाहत्या पाण्यात नीट धुवावीत.