चिन्ह कुणाकडे गेलं?

ताईंनो, गट फुटला की पहिलं भांडण दप्तर-शिक्क्याचं. पक्षाचंही तसंच. शिवसेनेने २०१९ला काँग्रेस-राष्ट्रवादीशी हातमिळवणी केली. हिंदुत्व सोडलं म्हणत एकनाथ शिंदे जून २०२२मध्ये आमदार घेऊन बाहेर पडले. फेब्रुवारी २०२३मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण त्यांना दिला. उद्धव ठाकरेंकडे मशाल राहिली. आयोगाने आमदार-खासदारांचं बहुमत पाहिलं. गावातल्या साध्या सभासदांच्या मतावर निकाल लागला नाही. आपल्या गटात असं चाललं असतं का?

२०२४च्या विधानसभेला मात्र सगळ्यांना बायकांची मतं दिसली. सत्ताधाऱ्यांनी ‘लाडकी बहीण’मधून महिना १५०० रुपये दिले, विरोधकांनी ३००० कबूल केले. आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजून जुनं चिन्हच शोधतात. विधानसभेच्या यंत्रावर उमेदवाराचा फोटोही असतो, तो त्यांना आधी दाखवून ठेवा.