खंडेनवमी : धारेची पूजा आणि डवलीचे दान

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, घरोघरी आयुधे धुऊनपुसून पाटावर मांडली जातात. आम्हां कोकणवासीयांच्या घरी तलवारी कोठल्या असणार? कोयता, विळी, सुरी, वाकस, पटाशी हीच आमची आयुधे. त्यांना गंध, फूल, अक्षता वाहून आपण हात जोडतो. परंतु जी सुरी वर्षभर गंजत पडली, जिला कधी सहाणेवर घासले नाही, तिला एक दिवस फूल वाहिल्याने ती पूजा पोहोचते काय, हा प्रश्न सश्रद्ध मनाने स्वतःस विचारावा.

दापोली तालुक्यातील आंजर्ले हे कड्यावरच्या गणपतीचे गाव. आज दिसणाऱ्या देवालयाचा जीर्णोद्धार १७६८ ते १७८० या काळातला. त्यापूर्वीचे देऊळ लाकडी खांबांचे होते, असे सांगतात. देवाचे घर जेथे प्रथम लाकडाचे झाले, तेथे मनुष्याच्या घरी लाकूडकामास मान असावा, यात नवल ते काय? कोकणातील जुन्या घरांच्या पडवीत एखादा ठोकळा, वाकस, पटाशी, कानस ही असतच. डवली, रवी, लाटणे अशा वस्तूंसाठी बाजार गाठावा लागत नसे.

प्रथम सुरीचे पाहू. मालमोटारीच्या जुन्या पाट्याचे पोलाद भट्टीत लाल करून ऐरणीवर ठोकतात, कानशीने आकार देतात आणि पुन्हा तापवून बुडवितात. यास आपण पाते ‘पाणी पाजणे’ म्हणतो. सुश्रुतसंहितेत शस्त्रांच्या याच संस्कारास ‘पायना’ म्हटले आहे, आणि पायना म्हणजे पाजणेच! क्षार, उदक व तैल अशा तीन पायना तेथे सांगितल्या आहेत. धार लावण्यास उडदाच्या वर्णाची गुळगुळीत शिळा, आणि ती टिकविण्यास शाल्मलीची, म्हणजे आपल्या सावरीची, फळी सांगितली आहे. नुसते पाणी पाजलेले पाते कठीण खरे, पण ठिसूळ असते. म्हणून ते पुनश्च मंद आचेवर पिवळसर झाक येईपर्यंत तापवितात. तेव्हा कुठे त्यास चिवटपणा येतो. केवळ कठोरता कामाची नव्हे, हा बोध येथे आयताच मिळतो.

आता डवली. सर्वांत सोपी ती करवंटीची. अर्धी करवंटी घासून स्वच्छ करावी, समोरासमोर दोन भोके पाडावीत व त्यांतून दांडा घट्ट ओवावा. अखंड लाकडाची करावयाची तर फणसाचा ओला तुकडा घ्यावा, कारण ओले लाकूड सुरीस सहज वश होते. तंतू दांड्याच्या लांबीत धावले पाहिजेत. आडवे गेले तर डवली पहिल्याच पिठल्यात मोडेल. खोलगट भाग गोल पटाशीने कोरून, ती सावलीत सावकाश वाळवावी; उन्हात ठेवल्यास तडा जातो. शेवटी खोबरेल तेलाचा हात द्यावा. सुरी नेहमी धरत्या हातापासून दूर चालवावी. आणि ध्यानात ठेवावे की बोथट सुरी अधिक घातक. तिला जोर लावावा लागतो आणि ती घसरते.

हे काम हलके मानू नये. यज्ञातही तूप अर्पण होते ते लाकडी पळ्यांनीच. स्रुवा खैराचा, जुहू पळसाची, उपभृत् पिंपळाची असा शास्त्राचा दंडक आहे. यज्ञातील यूपासाठी वृक्ष तोडताना तर आधी दर्भाची काडी मध्ये ठेवून कुऱ्हाडीसच विनवितात की, यास इजा करू नकोस. तीच विनवणी बालकाच्या चौलात, जावळ काढताना, वस्तऱ्यास केली जाते. धार हाती घेणाऱ्याने प्रथम दया मागावी, हे केवढे मोठे शिक्षण!

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोलीचा किनारा झोडपला. नारळी-पोफळी, आंबे, फणस मुळासकट आडवे झाले. पिढ्यांनी जोपासलेल्या झाडांपैकी कितीतरी लाकूड सरपणात गेले. घराघरांत वाकस धरणारे हात असते, तर आजोबांनी लावलेल्या फणसाची एक डवली तरी नातवंडांच्या ताटात वाढीत राहिली असती. झाड पडणे आपल्या हाती नव्हते. परंतु हात रिकामे ठेवणे, हे मात्र आपलेच करणे होय. मुले चाकरीसाठी मुंबई-पुण्यास गेली, स्वयंपाकघरात पोलादी डाव आले. त्यात दोष कुणाचा नाही. तथापि विद्या एकदा घरातून गेली की ती पैशाने परत येत नाही.

म्हणून वाचकहो, यंदा अष्टमीसच सुऱ्या, विळ्या सहाणेवर घासा; नवमीस आयुधांना विश्रांती असते. विजयादशमीनंतरच्या पहिल्या सवडीला नातवास जवळ बसवा, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली त्याच्या हाती सुरी व फणसाचा तुकडा द्या. त्याची डवली वाकडी होईल. होऊ द्या. दिवाळीत त्याच डवलीने देवापुढच्या नैवेद्याचा भात वाढा. ज्या धारेतून वाढण्याचे साधन निर्माण होते, तिची पूजा निःसंशय पोहोचते.