‘मदरबोर्ड गेला’ असे दुकानदार म्हणाला तर?

घरातला संगणक बंद पडला, त्याची पेटी चादरीत गुंडाळून रिक्षातून मांडीवर घेऊन दुकानात नेली, की पुष्कळदा एकच वाक्य कानी पडते : ‘मदरबोर्ड गेला.’ पगारावर घर चालवणाऱ्या माणसाच्या काळजात धस्स व्हावे असेच हे वाक्य आहे. मदरबोर्ड म्हणजे नेमके काय, तो जातो म्हणजे काय होते आणि गेला की नाही हे कसे ओळखावे, यांपैकी काहीच ठाऊक नसल्याने आपण दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत राहतो. मग एक तर महिन्याच्या खर्चाला कात्री लागते, नाही तर तो संगणक माळ्यावर जातो आणि मुलीचे शिष्यवृत्तीचे अर्ज पुन्हा सायबर कॅफेत, फॉर्ममागे पैसे मोजून, भरणे सुरू होते.

वाचकहो, मी कारकून माणूस, शिक्षण बी.कॉम. पण गेली काही वर्षे आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत कार्यालयांनी मोडीत काढलेले संगणक आणून मुलांच्या हातून ते उभे करण्याचे काम आम्ही करीत आहोत. त्या कामात कळलेली गोष्ट अशी की, पेटीचे झाकण उघडल्यावर आत दिसते त्यातील बहुतेक सगळे घरच्या माणसाला बसवता आणि काढता येते. त्यासाठी एक चौकड्या तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर, चांगला उजेड आणि थोडा धीर पुरतो.

मदरबोर्ड समजून घ्यायचा तर कल्याण जंक्शन डोळ्यांसमोर आणावे. कर्जतची गाडी, कसाऱ्याची गाडी, मुंबईची गाडी, सगळ्या तिथे येतात आणि आपापल्या मार्गाला लागतात. स्टेशन स्वतः कुठेच जात नाही. मदरबोर्ड तसाच. आकडेमोड करतो तो प्रोसेसर. चालू काम हाताशी धरून ठेवते ती रॅम. वीज गेल्यावरही तुमची पत्रे, फोटो, निकालपत्रे सांभाळून ठेवते ती हार्ड डिस्क किंवा एसएसडी, म्हणजेच ड्राइव्ह. घरातली वीज बारा, पाच आणि ३.३ व्होल्टवर आणून देते ती एसएमपीएसची पत्र्याची डबी. ही सगळी मंडळी ज्या पाटीवर येऊन एकमेकांना भेटतात ती पाटी म्हणजे मदरबोर्ड. साहजिकच एक पाहुणा रुसला तरी ‘स्टेशन बंद’ असे म्हणण्याची सोय होते.

म्हणून पहिली परीक्षा घरीच घ्यावी. वीज बंद करून, वायर भिंतीतून काढून, सुरू करण्याचे बटण एकदा दाबून धरावे म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. मग हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यास तेही काढून ठेवावे. प्रोसेसर, त्यावरचा पंखा, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस एवढेच ठेवून, मॉनिटरची वायर बोर्डाच्याच मागच्या जोडणीत लावून सुरू करून पाहावे. पडद्यावर अक्षरे उमटली तर बोर्ड जिवंत आहे, दोष काढून ठेवलेल्यांपैकी कुणाचा तरी आहे. पुन्हा एकेक जोडत गेलात की चोर सापडतो. मात्र प्रत्येक वेळी आधी वीज बंद.

काहीच उमटले नाही तरी लगेच हातपाय गाळू नयेत. रॅमची पट्टी दोन्ही टोकांचे चाप मागे सारून काढावी. तिच्या कडेच्या सोनेरी दातांवर शाळेतला साधा खोडरबर हळुवार फिरवावा, चुरा झटकावा आणि पट्टी परत बसवावी. आपल्याकडच्या दमट हवेत आणि धुळीत या दातांवर मळ धरतो, संपर्क तुटतो आणि संगणक मेल्यासारखा पडून राहतो. पट्टी बसवताना दोन्ही टोकांना अंगठ्याने जोर द्यावा लागतो, ‘कट्‌’ असा आवाज येऊन चाप आपोआप मिटले पाहिजेत. इथे मुले घाबरून अर्धवट दाबतात आणि मग पट्टी खराब आहे असे समजतात.

दुसरी क्षुल्लक वस्तू म्हणजे बोर्डावरची रुपयाच्या नाण्यासारखी गोल बॅटरी. तिचा नंबर सीआर २०३२. ती संपली की वीज बंद होताच संगणक तारीख विसरतो आणि अनेक वर्षे मागे जातो. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत संगणकाला जुळत नाही. घरचे म्हणतात इंटरनेट बिघडले, दुकानदार म्हणतो विंडोज नव्याने टाकावे लागेल आणि खरा दोष नखाएवढ्या बॅटरीचा असतो.

बोर्ड कधीच जात नाही असे मात्र मी म्हणणार नाही. त्यावरच्या उभ्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरची डोकी फुगलेली असली, त्यातून पिवळट-तपकिरी ओघळ आला असला, कुठे काळा डाग किंवा जळका वास असला, तर दुकानदार खरे बोलत आहे. पण ते त्याने दाखवावे आणि आपण डोळ्यांनी पाहावे.

ही पेटी उघडण्याची भीती आपल्या मनात बसली त्याला कारणही आहे. आयबीएमचा पीसी १९८१ साली बाजारात आला, त्यानंतरची कितीतरी वर्षे ही जोडणी खरोखरच जोखमीची होती. बोर्डाला वीज देणारे दोन जोड असत, ते एकमेकांच्या जागी बसू शकत, आणि तसे झाले तर बोर्ड जळून जाई. दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी आल्या पाहिजेत, असा मंत्र त्या काळचे कारागीर पाठ करून ठेवत. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाचे मानक आणले आणि बोर्डाचा वीजपुरवठा एकाच मोठ्या जोडातून, एकाच दिशेने बसेल असा केला. पूर्वीच्या हार्ड डिस्कला चाळीस पिनांची रुंद पट्टीसारखी केबल लागे. तिची लाल कडा पहिल्या पिनेकडे ठेवायची. एकाच केबलवर दोन डिस्का असतील तर चिमुकली टोपी इकडची तिकडे करून एकीला ‘मास्टर’ आणि दुसरीला ‘स्लेव्ह’ करायचे. मालक आणि गुलाम! यंत्राच्या पोटातही हीच भाषा कुणाला सुचावी, याचा मला तेव्हा राग येई.

मराठी अक्षरांचीही त्या काळी अशीच कथा होती. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ नावाचे कार्ड मदरबोर्डाच्या खाचेत बसवावे, तेव्हा डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. आपली भाषा एका खाचेत बसवून घ्यावी लागे!

२००३ साली साटा नावाची जोडणी आली आणि ती टोप्यांची भानगड संपली. एका डिस्कला एक बारीक केबल, मालकही नाही आणि गुलामही नाही. साटाची दोन तोंडे असतात, सात पिनांचे माहितीचे आणि पंधरा पिनांचे विजेचे. दोन्हींच्या आत इंग्रजी ‘एल’सारखा वाकडा आकार असल्याने ती उलटी बसतच नाहीत. जोर लावावा लागत असेल तर दिशा चुकली आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

आता आमच्या अभ्यासिकेतील एका यंत्राची हकिकत सांगतो. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच-८१ जातीचा बोर्ड, चार जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क. असे संगणक २०१३-१४ नंतर कार्यालयांत पुष्कळ आले होते. सुरू व्हायलाच त्याला कित्येक मिनिटे लागत. त्याची डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०. तरीही हवी ती माहिती डोक्याखाली येईपर्यंत तिला दर वेळी थांबावे लागते, आणि अशा हजारो वाटा पाहण्यातच वेळ जातो. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, सगळा कारभार चिपांचा. म्हणून जुन्या यंत्रात आधी एसएसडी घालावी आणि मग रॅम वाढवावी, हा आमचा क्रम. प्रोसेसर बदलण्याच्या फंदात पडूच नये.

हे काम अकरावीतील एका मुलीने केले. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. झाकण उघडताच एक काका म्हणाले, ‘अगं, भावाला बोलाव, तुला नाही जमायचं.’ मुलीने त्यांना बॅटरी धरायला लावली. बोर्डावर साटाच्या चार जोडण्या होत्या. या जातीच्या बोर्डावर त्यांतील दोन सेकंदाला सहा गिगाबिटच्या आणि दोन तीनच्या असतात. तिने चष्मा पुसून बोर्डावरची बारीक अक्षरे वाचली आणि एसएसडी सहाच्या जोडणीला लावली. अडीच इंचांची एसएसडी साडेतीन इंचांच्या जागेत सैल पडते, त्यासाठी पट्टी मिळते. पट्टी नसल्यास दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेपही चालते, कारण आत काही फिरत नाही, हादरत नाही. फिरत्या डिस्कला मात्र चारही स्क्रू हवेत. विजेची साटा वायर कमी पडली तर कन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्यातले अगदी स्वस्त, अखंड प्लॅस्टिकच्या साच्यात ओतलेले घेऊ नयेत, ते तापून जळू शकतात.

नवीन बोर्डांवर एम.२ नावाची खाच असते, तिच्यात च्युइंगमच्या पट्टीसारखी एसएसडी तिरकी सरकवून, खाली दाबून, एका स्क्रूने अडकवतात. पट्टीवरचा २२८० हा आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंदी आणि ८० मिलिमीटर लांबी. खाच एकच दिसली तरी पट्टी साटा जातीची आहे की एनव्हीएमई जातीची, आणि आपला बोर्ड कोणती घेतो, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. काही बोर्डांत एम.२ची पट्टी बसवली की साटाची एखादी जोडणी मुकी होते, आणि माणूस नवी केबल आणायला धावतो. बोर्डाचे माहितीपत्रक निर्मात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.

रॅमच्या बाबतीत एवढेच सांगतो की डीडीआर थ्री, फोर आणि फाइव्ह यांच्या खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असतात, एक दुसरीच्या जागी बसत नाही. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा जुन्या मोडीतील पट्ट्या टाकू नयेत, तपासून जपून ठेवाव्यात.

जोडणी झाल्यावर सुरू करतानाच ‘डिलीट’ किंवा ‘एफ टू’ कळ दाबत राहिले की बायोसचा पडदा येतो. त्या यादीत नव्या ड्राइव्हचे नाव दिसले की हातांचे काम फत्ते झाले. नाव नसेल तर आधी दोन्ही केबली पुन्हा बसवाव्यात. प्रणाली नव्याने टाकताना जुनी डिस्क काढून ठेवावी, नाही तर सुरू होण्याच्या फायली तिच्यावर जाऊन बसतात आणि पुढे ती काढली की नवीही चालत नाही. विंडोज १०चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि अकराव्या आवृत्तीच्या अटींत चौथ्या पिढीचे प्रोसेसर बसत नाहीत. कार्यालये ही यंत्रे मोडीत काढतात त्यामागे हेही एक कारण आहे. आम्ही त्यावर लिनक्स मिंट टाकले. ते फुकट आहे, त्यावर इन्स्क्रिप्ट कळफलकाने मराठी लिहिता येते आणि मुलांचे अभ्यासाचे काम अडत नाही. आता ते यंत्र मिनिटाच्या आत उभे राहते.

दोन गोष्टींना मात्र मुलांना हात लावू देऊ नये. एसएमपीएसची डबी कधीही उघडू नये. तिच्या पोटातील कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही जिवाला धोका होईल इतका दाब काही काळ उरू शकतो. ती बिघडली तर अख्खी बदलावी. दुसरी गोष्ट भिंतीतली. पेटीच्या पत्र्याला बोट लावताच मुंग्या येत असतील तर समजावे की अर्थिंग नाही. आपल्या चाळींत आणि झोपड्यांत तिसऱ्या भोकात वायरच नसते, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये कोंबलेला असतो. वायरमन बोलावून आधी ते नीट करून घ्यावे, संगणक नंतर.

जुनी हार्ड डिस्क भंगारात देताना ती कोरी करावी. ‘डिलीट’ केलेले फोटो आणि आधार कार्डाच्या प्रती परत काढता येतात. डिस्क चालू असेल तर पूर्ण पुसणारे साधन वापरावे, बंद असेल तर आतल्या चकत्यांनाच भोके पाडावीत. तशी चांगली डिस्क टाकूच नये, एसएसडीच्या शेजारी दुसऱ्या साटा जोडणीवर लावली तर मुलांच्या धड्यांचे व्हिडिओ ठेवायला उपयोगी पडते.

आणि एवढे करूनही दुकानात जायची वेळ आलीच तर काउंटरवर पेटी ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : रॅमच्या पट्ट्या किती आणि किती जीबीच्या, ड्राइव्हचा मॉडेल क्रमांक, बोर्डाचे नाव. तो कागद दुकानदाराला दाखवून त्याच्या एका प्रतीवर सही घ्यावी. बोर्ड बदललाच तर जुना बोर्ड परत मागून घ्यावा, तो आपला आहे.